यूव्ही (अतिनील) किरण दिल्यावर ई. कोलाय जिवाणूंच्या प्लेट काळ्या कागदात का गुंडाळतात?

कारण उजेडात ठेवल्या तर यूव्हीने घायाळ झालेले बरेच जिवाणू डीएनए दुरुस्त करून पुन्हा वाढू लागतात आणि किती जिवाणू वाचले याची तुमची मोजणी फसते. प्रॅक्टिकलला खिडकीपाशी राहिलेल्या प्लेटवर वसाहती जास्त दिसतात, त्या यामुळेच. यूव्हीमुळे डीएनएच्या एकाच धाग्यावरचे शेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक, टी) एकमेकांना चिकटतात. फोटोलायेज हे एन्झाइम निळ्या प्रकाशाची ऊर्जा वापरून ती जोडी जागच्या जागी सोडवतं, काहीही न कापता! प्रकाशाचा हा परिणाम अल्बर्ट केल्नर यांनी १९४९ मध्ये दाखवला. मात्र अंधारात दुरुस्ती थांबते असं समजू नका. युव्हीआर प्रथिनं बिघडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना काप देऊन १२-१३ न्यूक्लिओटाइडांचा (डीएनएच्या सुट्या घटकांचा) तुकडा काढतात, पॉलिमरेज हे एन्झाइम समोरचा धागा बघून जागा भरतं आणि लायगेज हे एन्झाइम टोकं सांधतं.