दोन फुटी गणपतीला शाडू किती?

प्रश्न : एक फुटी भरीव गणपतीला ५ किलो शाडू आणि १०० मिली रंग लागला. तीच मूर्ती दोन फुटी करायची आहे. साहित्य दुप्पट आणावं का?

उत्तर : दुप्पट आणलंत तर मूर्ती अर्धवट राहील. उंचीबरोबर रुंदी आणि जाडीही दुप्पट होते. रंग पृष्ठफळावर बसतो, म्हणून २×२, चौपट : ४०० मिली. माती घनफळ भरते, म्हणून २×२×२, आठपट : तब्बल ४० किलो! दीड फुटीलासुद्धा १.५×१.५×१.५, म्हणजे जवळपास १७ किलो लागेल.

खरी अडचण पुढेच आहे. वजन आठपट, पण घोट्याचा छेद चौपटच; त्यामुळे तिथला दाब दुप्पट होतो. उभी मूर्ती असेल तर ती घोट्यातच खचू शकते. वाळण्याचंही तसंच : पाणी आठपट, ते उडून जायला पृष्ठभाग चौपट. वरचा थर आधी आकसतो, पोट ओलंच राहतं आणि तडे जातात. तेव्हा दोन फुटी मूर्ती भरीव करूच नका. आतून पोकळ ठेवा, भिंतीची जाडी सगळीकडे सारखी राखा आणि उन्हात न ठेवता सावलीत, सुती कापडाखाली सावकाश वाळवा.