पुण्याहून दिल्लीला विमानाने स्वस्तात कसं जायचं? मुंबईहून गेलं तर फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की पुणे-दिल्ली तिकीट किती दिवस आधी काढावं, कुठल्या ॲपवर काढावं, इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खाजगी विंडोत) शोधलं तर कमी दाखवतं का, आणि जाता जाता मुंबईहून गेलं तर स्वस्त पडेल का. मी शेवटून सुरू करतो कारण त्या शेवटच्या प्रश्नावरून आमच्याकडे 2019 पासून वाद चालू आहे.

नाही पडत. मुंबईहून स्वस्त दिसतं, पडत नाही.

मे 2019. बायकोच्या मावसबहिणीचं दिल्लीत लग्न. आम्ही चौघं, सासूबाई, आणि मोठे साडू, मेव्हणी, त्यांचा मुलगा असे आठ जण. त्यात एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडलेली, एवढी विमानं एकदम कमी झाल्यावर भाडी चढणारच, वर मे महिन्याची सुट्टी. मी पुण्याहून डायरेक्टचं बघितलं तर जाऊन येऊन माणशी 12,900. फॅमिली ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत साडूंचा स्क्रीनशॉट, मुंबई-दिल्ली-मुंबई 10,800. खाली लिहिलेलं, "डोक्यामागे 2,100 वाचतात, आठ जणांचे 16,800, जरा शोधावं लागतं." ते "जरा शोधावं लागतं" माझ्यासाठी होतं.

आमचे साडू एअर डेक्कन या स्वस्त विमान कंपनीच्या काळातले. त्यांनी कधीकाळी एक रुपयाचं तिकीट मिळवलेलं, ते आजही प्रत्येक बारशाला, मुंजीला निघतं. त्यावर टॅक्स किती भरला ते निघत नाही. तर अशा माणसाशी तिकिटावरून वाद घालायचा नसतो, आणि बायको म्हणाली भावोजींचं ऐक, उगाच लग्नाआधी नको. ऐकलं.

विमान सकाळी सहा दहाचं. म्हणजे कोथरूडहून रात्री साडेबाराला टेम्पो ट्रॅव्हलर. सासूबाईंनी मानपानाच्या साड्या, लाडू, चकल्या असं काय काय घेतलेलं, ते मांडीवर. खंडाळ्याला उतारावर ट्रकची रांग लागलेली, तासभर तिथेच, साडू पुढच्या सीटवर ड्रायव्हरला रस्ता सांगत होते, जणू एक्सप्रेसवेला गल्ल्या असतात. फूड मॉलला वडापाव, चहा. अंधेरीला विमानतळाच्या टी-टू टर्मिनलला जाऊन सगळं सामान उतरवलं आणि मग माझ्या लेकीने तिकिटात वाचलं की विमान टी-वनचं आहे. परत सामान गाडीत, परत रस्ता, कारण ही दोन टर्मिनल एकमेकांना चिकटलेली नाहीत, एका दारातून दुसऱ्यात चालत जाता येत नाही. विमान मिळालं, नाही असं नाही. पण काउंटरवर सामान नऊ किलो जास्त भरलं आणि त्याचे पैसे वेगळे. (साडू म्हणतात ते पुण्याहूनही भरावेच लागले असते. हे बरोबर आहे, म्हणून मी ते हिशोबात धरत नाही.)

येताना मुंबईला रात्री अकराला उतरलो, घरी पोचेपर्यंत पहाटेचे चार, आणि सकाळी साडेनऊला माझं ऑफिस.

आता हिशोब. ट्रॅव्हलरचे टोलसकट 9,000 जायचे, 9,000 यायचे. पुण्याहून गेलो असतो तर लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळाला, दोन कॅब जाताना दोन येताना, 500 प्रमाणे 2,000 तसेही लागले असते, ते वजा. राहिले 16,000. दोन्ही वेळचं फूड मॉल 1,400. झाले 17,400. वाचवले किती, 16,800. म्हणजे 600 रुपये तोट्यात आणि दोन रात्री जागून. साडूंचं म्हणणं, वडापाव हा प्रवासखर्च नाही, माणूस घरीही खातो, तेव्हा 1,400 काढा म्हणजे 800 फायदा. मी म्हणतो घरी कोणी रात्री दोनला वडापाव खात नाही. सहा वर्षांपेक्षा जास्त झालं, वाद इथेच अडकलाय.

बाकीचे प्रश्न पटकन. इन्कॉग्निटोने काही होत नाही, झोपा. भाव वर जातो तो तुम्ही तीनदा बघितलं म्हणून नाही, स्वस्त गटातल्या सीट मधल्या वेळात दुसऱ्या कोणी घेतल्या म्हणून. विमानातल्या सगळ्या सीट एकसारख्या दिसल्या तरी भाड्याचे गट पाडलेले असतात, खालचा संपला की वरचा उघडतो. मंगळवारी रात्री बारानंतर बुक करा वगैरे पण सोडून द्या, बुक कधी करता त्यापेक्षा जाता कधी त्याला महत्त्व आहे. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार रात्र महाग, मंगळवार-बुधवार आणि भल्या पहाटेचं त्यामानाने बरं. साध्या दिवसांत महिनाभर आधी काढलं तर चालतं, दिवाळी आणि मे असेल तर दोन-तीन महिने आधी. "शेवटच्या क्षणी रिकाम्या सीट स्वस्तात देतात" असं सांगणारा माणूस भेटला तर तो नक्की कोणाचा तरी साडू असणार. दिल्ली-मुंबईसारख्या रूटवर शेवटच्या दिवशी जाणारे कंपनीच्या पैशाने जातात, त्यांना कशाला स्वस्तात देतील.

ॲप कुठलंही घ्या, पण ते फक्त बघायला. पैसे भरायच्या आधी विमान कंपनीच्या साइटवर तेच विमान उघडा आणि शेवटच्या पानावरचा आकडा बघा, कन्व्हिनियन्स फी, म्हणजे ऑनलाइन बुकिंगचे वरचे पैसे, बहुतेक ठिकाणी माणशी आणि प्रत्येक फेरीला लागते आणि कॅन्सल केलं तर ती परत येत नाही. बँकेची ऑफर असेल तर ॲपवर स्वस्त पडतंही, तेव्हा दोन्ही बघा. आणि तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी न वापरलेल्या तिकिटातले एअरपोर्टचे चार्जेस परत मिळतात, मागावे लागतात, लोक सोडून देतात.

थोडं न्याय्य बोलायचं तर, आता नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर 2025 पासून चालू झालाय, पनवेलच्या बाजूला, म्हणजे पुणेकराला अंधेरीपर्यंतचं ट्रॅफिक नाही. एकटे असाल, पाठीवर सात किलोची सॅक, आणि पनवेलपर्यंत बस किंवा ट्रेनने जायची तयारी, तर फरक बघून जरूर जा. माझं म्हणणं कुटुंब, सासूबाई आणि चकल्या यांच्यापुरतं आहे. दिल्लीतही हिंडनचं विमान स्वस्त दिसलं तर आधी उतरून कुठे जायचंय ते बघा, ते गाझियाबादला आहे, गुडगावला जाणाऱ्याचं वाचलेलं सगळं टॅक्सीत जाईल.

आणि एक महत्त्वाचं, खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. आठ जणांचं एकदम शोधू नका. स्वस्त गटात तीनच सीट शिल्लक असतील आणि तुम्ही आठ मागितल्या तर सिस्टीम आठही जणांना वरच्या गटाचा भाव लावते. एकाचं शोधा, मग दोघांचं, तिघांचं, आकडा कुठे उडी मारतो ते बघा आणि तसे तुकडे करून बुक करा. साडूंनी मुंबईची तिकिटं तीन-तीन-दोन अशीच काढली होती. मी पुण्याचं आठ जणांचं एकदम बघितलं होतं. बुकिंगनंतर तिसऱ्या दिवशी लेकीने सहज एका माणसाचं टाकून बघितलं तर पुण्याहून डायरेक्ट 11,200. तेव्हा 24 तासांत फुकट कॅन्सल करता यायचं, विमान आठवडाभर तरी लांब असेल तर, पण ते 24 तास होऊन गेलेले.

म्हणजे ग्रुपवर टाकलेला माझा 12,900 चा आकडाच चुकीचा होता आणि मुंबईचं सगळं रामायण त्यावरून झालं. हे साडूंना अजून माहीत नाही. लेकीने सांगू नये म्हणून तिला तेव्हा 1,200 चे हेडफोन घेऊन दिले होते, ते वरच्या हिशोबात धरलेले नाहीत.