मुरुमं : उष्णतेची, मळाची की आणखी कशाची?

प्रश्न : वय 22. गालांवर आणि हनुवटीवर मुरुमं येतात. आई म्हणते तेलकट खाणं आणि आंब्याची उष्णता. मैत्रिणी म्हणतात चेहरा नीट धूत नाहीस. म्हणून दिवसातून सहा वेळा धुते. मेडिकलवाल्याने दिलेल्या क्रीमने आठवडाभर चेहरा छान दिसला, मग दुप्पट मुरुमं आली.

उत्तर : आधी ती ट्यूब बघा. बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं काही आहे का? ही स्टेरॉइडं. ती लाली आणि सूज दाबतात, म्हणून सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर लव वाढते आणि स्टेरॉइडचीच मुरुमं येतात. थांबवलं की लाली उसळते, म्हणून लोक पुन्हा तेच लावत राहतात. तसं निघालं तर ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

मुरुम मळाने येत नाही. अँड्रोजेन संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, रंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचं बूच बसतं, आत जिवाणू वाढून सूज येते. तिथे साबण पोचत नाही. ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा मळाचा नव्हे. सहा वेळा धुऊन त्वचा फक्त कोरडी होते, चुरचुरते. सौम्य फेसवॉशने दोनदा पुरे. लिंबू, टूथपेस्ट, खरखरीत स्क्रब अजिबात नको.

आईच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण दोषी पदार्थ वेगळे. तळणाविरुद्ध पुरावा कच्चा आहे, 'उष्णते'चा तर नाहीच. साखर-मैद्याचे पदार्थ, काहींच्या बाबतीत दूध आणि व्हे प्रोटीन पावडर यांचा संबंध मात्र अभ्यासांत दिसतो. (कपाळावरच येत असतील, तर रात्री केसांना चोपडलेलं तेल तपासा.)

स्टेरॉइडचा प्रश्न नसेल, तर डॉक्टरांना विचारून अडॅपलीन 0.1 टक्के जेल : रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, फक्त पुटकुळीवर नव्हे तर सगळ्या भागावर पातळ. पहिले दोन आठवडे एक रात्र आड. या काळात साल निघते, आणि बरेच जण इथेच सोडून देतात. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. गरोदरपणात वापरू नये. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड (मुरुमांचे जिवाणू मारणारं औषध) 2.5 टक्केच लावा. 10 टक्क्यांनी गुण वाढत नाही, जळजळ वाढते. टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेवा, या औषधाने रंगीत कापडाचा रंग उडतो.

पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची (अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणीही करून घ्या.