कारण सापडेना, भीती जाईना

गेल्या काही महिन्यांत वाचकांनी पाठवलेली पत्रं एकत्र वाचली. गावं वेगळी, वयं वेगळी, पण एक वाक्य सगळीकडे आहे : ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी भीती वाटते, कारण कळत नाही.’ बऱ्याच पत्रांत त्याच्यामागोमाग दुसरंही येतं : ‘म्हणून मी अमुक करणं बंद केलं.’ पहिल्या वाक्याची मला फारशी काळजी वाटत नाही. दुसऱ्याची वाटते.

प्रश्न : वय ४२, नाशिक. रात्री दोनच्या सुमारास अचानक धडधड, घाम, हाताला मुंग्या, आता मरतो असं वाटतं. तीनदा कॅज्युअल्टीत नेलं. ईसीजी, रक्त, टूडी एको सगळं व्यवस्थित. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. मी तर झोपेत होतो, टेन्शन कधी घेतलं?

रास्त सवाल आहे. ‘टेन्शन घेऊ नका’ हा काही उपचार नव्हे. तुम्ही लिहिलंय ते वर्णन पॅनिक अटॅकचं, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याचं वाटतं. निदान मात्र समोर बसवून, तपासूनच होतं. झोपेतून उठवणारे झटके अनेकांना येतात आणि त्यासाठी वाईट स्वप्न पडावं लागत नाही.

धोक्याची दखल घेणाऱ्या मेंदूतल्या भागांपैकी अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग महत्त्वाचा. आपला विचार पुरा होण्याआधीच तो शरीराला कामाला लावतो. अ‍ॅड्रिनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. मग माणूस त्या मुंग्यांनाच घाबरतो आणि श्वास आणखी वाढतो. झटका साधारण १० मिनिटांत कळसाला पोचतो आणि ओसरू लागतो. तुम्ही कॅज्युअल्टीत पोचता तोवर तो बहुधा उतरलेला असतो.

अमेरिकेत एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका बाईंचा अमिग्डाला दोन्ही बाजूंनी निकामी झालेला आहे. त्या साप हातात घेतात, भयपट बघताना ढिम्म असतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली, गुदमरल्यासारखं वाटायला लावणारी हवा एकदा हुंगायला दिली, तर त्या विलक्षण घाबरल्या. म्हणजे शरीराच्या आतून उठणाऱ्या भीतीला अमिग्डाला सोडूनही वेगळी वाट आहे. बाहेर घाबरण्याजोगं काही असावंच लागत नाही.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर पाहिली नसेल तर पाहा. घोरत असाल तर झोपेत श्वास अडकतो का, हेही. छातीत नव्या तऱ्हेचं दुखलं, चालताना-चढताना दुखलं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर ‘पॅनिकच असेल’ म्हणत घरी बसू नका. आधी हॉस्पिटल.

प्रश्न : दिवसाला सात-आठ कप चहा होतो. त्याने धडधड वाढते का?

वाढू शकते. निम्मा करा, संध्याकाळनंतर बंद.

प्रश्न : मुलगी २० वर्षांची, लातूर. पहाटे जाग येते पण हात-पाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे. एका देवऋष्याने उतारा सांगितलाय, खर्चही बराच आहे.

तो खर्च करू नका. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू अंगातले बहुतेक स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातली पळापळ अंथरुणात करू. कधीकधी जाग आधी येते आणि हा सैलपणा काही क्षण मागे राहतो. त्यातच स्वप्नाचा उरलेला तुकडा मिसळला की खोलीत कुणी असल्याचा भास होतो. जागरण, परीक्षा, उताणं झोपणं यांनी हे वाढतं. आठवड्यातून अनेकदा होत असेल, किंवा दिवसाही अनावर झोप येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि उताऱ्यापुढे जाऊन कुणी मुलीला मारझोड, चटके, उपाशी ठेवणं असलं काही सुचवलं, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. सासूबाईंना रागावू नका, पुढच्या तपासणीला बरोबर न्या.

प्रश्न : भीतीचं मूळ लहानपणी दडलेलं असतं म्हणे. कोल्हापुरात तीन दिवसांचं शिबिर आहे, संमोहनाने मूळ शोधून ‘भीतीमुक्त’ करतात. फी १८ हजार. जावं का?

नको. भीती आठवणीशिवाय राहू शकते, हे खरं आहे. जिनिव्हात क्लापारेद नावाच्या डॉक्टरने १९११ साली नोंदवलेली हकीकत आहे. स्मरणशक्ती गेलेल्या एका बाईशी हस्तांदोलन करताना त्याने हातात टाचणी लपवली. पुढच्या वेळी त्या बाईंनी त्याला ओळखलं नाही, टाचणीही आठवेना, पण हात मात्र पुढे करेनात. शिबिरवाले इथवरचा भाग सांगतात. पुढचा सांगत नाहीत : मूळ सापडलं म्हणून भीती जाते असं नाही आणि बरं होण्यासाठी ते सापडावंच लागतं असंही नाही. उलट संमोहनात खोदत बसलं की कधीच न घडलेल्या गोष्टी ‘आठवू’ लागतात आणि घरात नवी भांडणं उभी राहतात. नोंदणीकृत मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) जा. तीन दिवसांची हमी देणाऱ्याला त्याची नोंदणी विचारा आणि उत्तर येईतो पैसे भरू नका.

प्रश्न : वय ३१, पुणे. दोन वर्षांपूर्वी एक्स्प्रेस-वेवर कामशेतच्या बोगद्यात गाड्या तुंबल्या तेव्हा जीव कासावीस झाला. तेव्हापासून मुंबईला जात नाही. घरून काम मागून घेतलं, गर्दीची लग्नं सोडली, आता लिफ्टही. पण मी शांत आहे. साधं, ठरवून निवडलेलं आयुष्य जगतेय. नवरा म्हणतो, दाखवून ये. खरंच गरज आहे का?

आहे. हे उत्तर लांबेल, कारण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी येण्याआधीची वर्षं याच ‘शांतते’त काढलेली असतात.

कमी गरजांत राहणं, गर्दी नको म्हणणं हा आजार नव्हे. गुडघे साथ देत असतील तर जिना खुशाल चढावा. पण उद्या आठव्या मजल्यावर आजारी मावशीला भेटायचं असेल आणि वेळ कमी असेल, तर तुम्ही लिफ्टने जाऊ शकाल का? जाऊ शकत असाल आणि तरी जात नसाल, तर ती तुमची निवड. जाऊच शकत नसाल, तर निवड भीतीने केली आणि खाली सही तुमची घेतली. तुमचंच पत्र पुन्हा वाचा. काय काय सोडलं ते सगळं आहे, काय हवं होतं ते कुठेच नाही.

टाळलं की क्षणात सुटल्यासारखं वाटतं. मेंदूला ती सुटका बक्षिसासारखी लागते आणि तो शिकतो : टाळलं म्हणून वाचलो. बोगद्यात काहीच झालं नसतं, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही. टाळणं हे सावकाराचं कर्ज आहे; आजची नड भागते, व्याज चढत राहतं. बोगद्यापासून लिफ्टपर्यंत आलं ते व्याजच.

टाळण्याचे छुपे प्रकारही असतात. पाण्याची बाटली असल्याशिवाय न निघणं, पर्समध्ये गोळी, सोबत कुणीतरी, नव्या ठिकाणी आधी जवळचं हॉस्पिटल शोधून ठेवणं. माणूस बाहेर पडतो, पण श्रेय बाटलीला जातं.

उपचार जुना आणि भरवशाचा आहे. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर तो केला : त्याला आवडता खाऊ द्यायचा आणि पिंजरा दर खेपेला थोडा जवळ आणायचा. शेवटी पोरगं सशाशी खेळू लागलं. आज पद्धत सुधारली आहे, गाभा तोच. पायऱ्या ठरवायच्या : उघड्या लिफ्टमध्ये उभं राहणं, एक मजला सोबतीने, मग एकटीने. धडधड होणारच, ती चालू असताना तिथेच थांबायचं. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवा अनुभव चढतो. म्हणून वेगवेगळ्या जागी सराव लागतो आणि मधूनच भीतीने डोकं वर काढलं तर उपचार फसला असं समजायचं नाही. गरज पडली तर औषधं असतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला बेचैनी थोडी वाढूही शकते आणि नेमकं तेव्हाच लोक गोळ्या सोडतात. सोडू नका, फोन करा.

हे वाचून उद्याच स्वतः गाडी चालवत बोगद्यात शिरू नका. पायऱ्या कुणा जाणकाराबरोबर बसून ठरवायच्या. दोन वर्षं गेलीच आहेत. याच आठवड्यात वेळ घ्या. नवऱ्याला दवाखान्याच्या दारापर्यंत येऊ दे, आत तुम्ही एकट्या जा.

प्रश्न : कॉलेजात शिकवलं की आपण ठरवण्याआधी मेंदूने ठरवलेलं असतं. मग ‘ठरवून जगणं’ हे थोतांडच ना?

तुम्हाला शिकवलं ते मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगावरून. तो प्रयोग मनात येईल तेव्हा हात हलवण्याचा होता. हालचालीची ‘इच्छा झाली’ असं लोक जो क्षण सांगत, त्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधी मेंदूत तयारी दिसली. त्याच्या अर्थावर आजही वाद आहे आणि उठलेली हालचाल आपण रोखू शकतो, असं खुद्द लिबेट मानत. मनगट हलवण्यावरून आयुष्याचा निकाल लावू नये. यामुळे अभ्यासावरून मन उडालं असेल, तर समुपदेशकाशी बोला.

प्रश्न : मेडिकलवाला ओळखीचा आहे. दीड वर्ष अल्प्राझोलाम ही घबराटीवरची गोळी घेतोय, चिठ्ठी लागत नाही. आता एकदम बंद करू का?

एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टर हळूहळू डोस उतरवतील. तोवर गोळीसोबत दारू अजिबात नको. आणि चिठ्ठी लागते. हे औषध एच-१ सूचीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, विक्रीची नोंद दुकानदाराला तीन वर्षं ठेवावी लागते. तो ओळख नाही, धंदा सांभाळतोय.

प्रश्न : माझा हा त्रास मुलांना होईल का?

कल घराण्यात असतो, आजार प्रत्येकाला होत नाही.

प्रश्न : आमच्या तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाहीत. काय करावं?

१४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी कोणत्या वारी असते ते तिथेच विचारून घ्या. जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि भीतीपायी काय काय सोडलं त्याची यादी न्या. जगणं नकोसं वाटत असेल, तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका, आजच फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.