'व्हॅक्सिनेशन'ला मराठीत काय म्हणतात? लस आणि लसीकरण यांत फरक काय?

लस म्हणजे रोग होऊ नये म्हणून टोचायचं किंवा पाजायचं औषध, लसीकरण म्हणजे ते देण्याचं काम किंवा मोहीम. म्हणून 'लेकराला लस दिली', पण 'गावात लसीकरण आहे'. 'लसीकरण टोचलं' चुकीचं. पोलिओची थेंबांची लस तोंडातून, म्हणून ती 'पाजली'.

लस या शब्दाचा जुना अर्थ फोडातून येणारा चिकट पाणीदार द्रव. देवी या रोगाची लस अशाच द्रवापासून आली. एडवर्ड जेनर या इंग्रज डॉक्टरने 1796 मध्ये गायीच्या देवीचा द्रव वापरला. व्हॅक्सिनेशनच्या मुळाशी लॅटिन 'व्हाक्का', म्हणजे गायच!

आमच्या परभणीकडं म्हाताऱ्या अजून 'देवी काढल्या' (म्हणजे देवीची लस टोचली) म्हणतात आन् दंडावरचा गोल वण दाखवतात. बाकी बोलताना सरळ 'सुई दिली'. बैलाला खुरकुत रोगाची दिली तरी लसच.