१९६७ साली अमेरिकेच्या फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर जुने बॉम्ब का चढवले?

थेट कारण एकच: नवे बॉम्ब संपत आले होते. १९६६-६७ मध्ये व्हिएतनामवर जितके बॉम्ब पडत होते, तितके अमेरिकेतल्या कारखान्यांतून तयार होत नव्हते. म्हणून २८ जुलै १९६७ ला डायमंड हेड या दारूगोळा जहाजाने फॉरेस्टलला १००० पौंडी एएन-एम६५ जातीचे जुने बॉम्ब दिले. कवचांवर गंज, काहींतून पाझर.

खरा धोका आतल्या स्फोटक मिश्रणात होता. जुन्यात ‘कॉम्पोझिशन बी’, नव्या मार्क ८३ बॉम्बमध्ये ‘एच-६’. एच-६ आगीत बराच वेळ तग धरतं, साधारण १० मिनिटं. अग्निशमन दलाचं सगळं गणित त्याच वेळेवर बसवलेलं. कॉम्पोझिशन बी तापलं की लवकर फुटतं, त्यात ते जुनं असेल तर विचारूच नका.

२९ जुलैला सकाळी फँटम विमानावरचं झुनी रॉकेट विजेच्या झटक्याने सुटलं आणि समोरच्या स्कायहॉक विमानाची इंधनटाकी फुटली. पेटत्या इंधनात जुना बॉम्ब पडला. अग्निशमन पथकाचे प्रमुख जेराल्ड फॅरिअर हातात पावडरचं एकच सिलिंडर घेऊन तो थंड करायला धावले. आग लागल्यापासून जेमतेम दीड मिनिटात तो फुटला. फॅरिअर आणि पुढे असलेले बहुतेक प्रशिक्षित अग्निशामक तिथेच गेले, त्यामुळे पुढची आग नवख्या खलाशांना विझवावी लागली. एकूण १३४ जण दगावले.