वहिनींना ती काच दिसतच नव्हती

"मुलगा ओल्या पायांनी घरात आला आणि मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो न जेवता झोपला." एवढं सांगून बाई रडायला लागल्या. झोप लागत नाही, सतत चिडचिड होते, छातीत धडधडतं, अशा तक्रारी घेऊन त्या माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या. (हे लिहायला त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) अर्धा तास मी घरातल्या नात्यांबद्दलच विचारत राहिले. मग त्या सहज बोलून गेल्या, "नुकतीच फरशी पुसली होती हो. दिवसातून चौथ्यांदा."

चौथ्यांदा का, असं विचारल्यावर वरच्या मजल्याचा विषय निघाला.

वर तीन आठवड्यांपासून दुरुस्तीचं काम चालू होतं. बाथरूम फोडलेलं, गॅलरीत ग्राइंडरने टाइल्स कापणं चाललेलं. यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर, पुस्तकांवर पांढरी भुकटी. खिडकीच्या काचांवर सिमेंटच्या पाण्याचे ओघळ. जिन्यात राडारोड्याच्या गोण्या.

"हे कोणाकोणाला सांगितलंत?"

नवऱ्याला, बहिणीला, दोन मैत्रिणींना, खालच्या काकांना.

"आणि वरच्या वहिनींना?"

"त्यांना दिसत नाही का?"

बोलले तर संबंध बिघडतील आणि गप्प बसले तर जीव गुदमरतो, या कात्रीत सापडलेली माणसं माझ्याकडे नेहमी येतात. त्यातले बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात. मी बाईंना म्हटलं, नसेल दिसत. ओघळ तुमच्या काचेवर, तेही बाहेरच्या बाजूने. वरून वाकून पाहिलं तर फक्त तुमचा सज्जा दिसतो. धूळ तुमच्या उशीवर बसते, आणि तुमच्या उशीशी त्या कधी येत नाहीत. ज्याच्या घरात काम चालू असतं त्याचं लक्ष मिस्त्री आला का, माल आला का, यातच गुंतलेलं असतं. ही मी त्यांची वकिली करत नाही. पण "मुद्दाम करतात" हे मनाने ठरवून टाकलं की बोलणं भांडणातूनच सुरू होतं.

मग मी त्यांना कशाकशाचा त्रास होतो ते एकेक करून सांगायला लावलं. धूळ, ओघळ, गोण्या, आवाज. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे काम काढलं होतं तेव्हा आम्ही आधी सगळ्या घरी सांगून आलो होतो." खरी ठेच तिथे होती. कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही. उद्या किती वाजता हातोडा सुरू होईल तेही माहीत नाही.

याचं महत्त्व कमी लेखू नका. 1970च्या सुमारास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना अवेळी, अचानक होणारा मोठा आवाज ऐकवला. त्यातल्या काहींना एक बटण दिलं होतं: अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. आवाज सगळ्यांनी सारखाच ऐकला, तरी नंतर कोडी सोडवताना बटणवाली माणसं जास्त चिकाटीने टिकली आणि मजकूर तपासताना त्यांच्या चुकाही कमी झाल्या. बाईंच्या हातात असं बटणच नव्हतं. चार वेळा फरशी पुसणं हा ते मिळवण्याचाच प्रयत्न होता, पण त्याने हात तेवढे दुखत होते.

बोलण्याची तालीम आम्ही इथेच केली. मी वहिनी झाले. त्यांचं पहिलं वाक्य आलं, "तुम्हाला काही वाटतं की नाही?" मी वहिनी म्हणून लगेच फणकारले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमलं: "वहिनी, पाच मिनिटं खाली येता? खिडकी दाखवायची आहे." इतकंच. तक्रार सांगण्यापेक्षा जागा दाखवणं मला नेहमी बरं वाटतं. मागण्याही नेमक्या ठरवल्या. उद्याच्या तोडफोडीची वेळ आदल्या संध्याकाळी कळवायची. गॅलरीला खालपर्यंत ताडपत्री लावायची. टाइल्स कापताना पात्यावर पाणी सोडायचं.

शेवटच्या मागणीवर त्या थांबल्या. टाइल्स कापणाऱ्या मुलावर त्या एकदा खिडकीतून खेकसल्या होत्या आणि ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. तोंडाला नुसता रुमाल बांधून तो दिवसभर त्या धुरळ्यात बसायचा. टाइल्स, काँक्रीट यांच्या धुळीत सिलिका (वाळूतलं खनिज) असते. तिचे बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेले तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, जो बरा होत नाही. पाणी सोडून कापलं की धूळ उडण्याआधीच बरीचशी बसते. "म्हणजे हे त्याच्यासाठीही मागायचं," बाई म्हणाल्या. त्यानंतर त्यांच्या आवाजातला संकोच गेला.

साफसफाईचंही बोललो, कारण चिंता तिथेच अडकली होती. कोरडा झाडू मारला की बारीक धूळ पुन्हा हवेत उडते आणि तासन् तास तरंगते. ओलं फडकं फिरवायचं, तेही दिवसाचं काम थांबल्यावर एकदाच. काचेवरचे शिंतोडे ओले असतानाच पाण्याने धुवायचे, वाळल्यावर खरवडले तर चरे पडतात. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, ते त्वचेला पोळतं आणि काचेवर राहिलं तर काचही खातं, म्हणून हातमोजे हवेत. डाग काढायला अॅसिड वापरू नका, संगमरवर आणि अॅल्युमिनियमची चौकट दोन्ही खराब होतात. आणि पुसण्याआधी फोटो काढायचा, तारखेसकट. पुढे नुकसानीचं बोलायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो.

घरात दम्याचं कोणी असेल किंवा वर जुने अॅस्बेस्टॉसचे पत्रे तोडत असतील, तर मात्र इतकी तालीम करत बसू नका. त्याच दिवशी काम थांबवायला सांगा. ऐकलं नाही तर इमारतीचा कारभार पाहणाऱ्यांकडे लेखी द्या.

वहिनी खाली आल्या. काच पाहून म्हणाल्या, "अगं बाई, हे सगळं आमच्याकडून?" दुसऱ्याच दिवशी ताडपत्री लागली, कटरवर पाणी आलं. गोण्या मात्र सांगितलेल्या दिवशी हलल्या नाहीत. बाईंनी फोन केला तेव्हा वहिनी जरा तुटकच बोलल्या. तो फोन ठेवल्यावर हात थरथरत होते, असं त्यांनी मला सांगितलं. पण त्या रात्री झोप लागली. दोन दिवसांनी जिना मोकळा झाला.

आता रोज संध्याकाळी निरोप येतो, "उद्या दहा ते एक तोडफोड." तेवढ्या वेळात त्या खिडक्या लावून बाहेरची कामं उरकतात. मुलाशीही बोलल्या, नेमकं काय झालं होतं ते सांगून.

एका काचेवरचा पांढरट डाग मात्र निघालेला नाही. बदलून देण्याबद्दल वहिनी "बघू" म्हणाल्या आहेत. बाईंनी फोटो पाठवलाय आणि काम संपायच्या आत नक्की काय ते सांगा, असं खाली लिहिलंय. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या भेटीत त्याबद्दल बोलायचं आहे.